विद्यार्थी मंडळाचे एक वर्ष : १८४८-४९

वाचकहो, ही स्मरणिका हाती आल्यावर आपण प्रथम काय पाहाल हे मी सांगू शकतो. आपल्या मुलाचे अथवा मुलीचे छायाचित्र कोणत्या पानावर छापले आहे ते. त्यानंतर शालान्त परीक्षेचा निकाल, मग देणगीदारांची यादी, आणि सवड असेल तर जाहिराती. 'शालेय मंडळांचे वार्षिक कार्य' या मथळ्याखालची दोन पाने मात्र सहसा कोणी वाचत नाही. ज्या शिक्षकाने ती लिहिलेली असतात तोसुद्धा मुद्रिते तपासून झाल्यावर त्यांच्याकडे परत वळत नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण तशी पाने मी पुष्कळ वर्षे लिहिली आहेत.

त्या पानांचा साचा ठरलेला असे. जूनमध्ये शाळा उघडली की वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इतिहास मंडळ, निसर्ग मंडळ यांची स्थापना, जुलैत पदाधिकाऱ्यांची निवड आणि टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी, ऑगस्टात झेंडावंदन, सप्टेंबरात शिक्षक दिन, मग सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुटी. डिसेंबरात सहल व स्नेहसंमेलन. जानेवारीत हस्तलिखिताचे प्रकाशन. फेब्रुवारीपासून सर्व मंडळे गप्प, कारण वार्षिक परीक्षा जवळ आली. इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक सभेखाली एकच वाक्य असे : 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' त्या वहीतील कितीतरी सभा प्रत्यक्षात भरल्याच नव्हत्या, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

अशा मंडळांचा मूळपुरुष कोण, असा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला होता. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे उत्तर पुढे वाचनात सापडले, आणि ते आपल्यासमोर ठेवावे म्हणून हा लेख.

मुंबईत १८४० साली नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा आणि एल्फिन्स्टन कॉलेज एकत्र करून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही संस्था झाली. आज आपण हायस्कूल आणि कॉलेज अशा दोन वेगळ्या पायऱ्या मानतो, पण त्या काळी त्या एकाच छपराखाली होत्या. शाळा व कॉलेज वेगळे झाले ते १८५६ साली. तेव्हा १८४८ चा एल्फिन्स्टनचा विद्यार्थी म्हणजे आजच्या हिशोबाने कधी आठवीतला, कधी पदवीच्या वर्गातला, असे धरून चालावे.

या संस्थेतील आजी-माजी विद्यार्थ्यांनी १३ जून १८४८ रोजी एक मंडळ स्थापन केले. नाव मोठे भारदस्त : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. प्राध्यापक पॅटन हे अध्यक्ष झाले. दादाभाई नौरोजी हे स्थापनेपासून त्यात होते. दादाभाईंचे नाव घेतले की पांढऱ्या दाढीचे पितामह डोळ्यांपुढे येतात. पण वाचकहो, त्या जूनमध्ये ते अवघे २२ वर्षांचे होते आणि त्याच संस्थेत शिकवीत होते. पुढे गिरणी कामगारांच्या कायद्यासाठी झटलेले सोराबजी शापुरजी बंगाली याच मंडळींतले. त्यांचे वय तेव्हा १७ होते.

मंडळाचे काम काय? जे आपल्या मंडळांचे असते तेच. ठरल्या दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, अध्यक्षांनी समारोप करायचा. भाषा इंग्रजी. इतके होऊन थांबते तर या मंडळाची आठवण आज कोणी काढली नसती. परंतु स्थापनेनंतर तीन महिन्यांच्या आतच एक अडचण सभासदांच्या लक्षात आली. आपण जे वाचतो, ऐकतो, ते घरी आईला, दुकानावरच्या वडिलांना, शेजाऱ्याला कळत नाही. म्हणून सप्टेंबर १८४८ मध्ये त्यांनी देशी भाषांतून काम करणाऱ्या शाखा काढल्या. एक मराठी ज्ञानप्रसारक सभा, दुसरी गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. या सभेने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालविले, आणि ते १८६७ पर्यंत निघत राहिले. विद्यार्थ्यांच्या मंडळातून निघालेले मासिक सतरा वर्षे टिकले, हे वाचून आपल्या हस्तलिखितांच्या कपाटाकडे पाहण्याचा धीर मला होत नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र खरी परीक्षा झाली. बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. विषय काही अगदी नवा नव्हता. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत चालू होत्या, आणि पुण्यात तर जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच भिडेवाड्यात शाळा घातली होती. निबंध झाला, चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या. आपल्याकडे या टप्प्यावर आभारप्रदर्शन होते आणि चहा येतो. पण पॅटनसाहेबांनी समारोपात मुलांना टोचले : बोलण्याने काय होणार, हाती काही घेणार आहात की नाही?

मुलांनी ते मनावर घेतले. सभासदांतून स्वयंसेवक निघाले. त्यांनी ठरविले की स्वतःच्या कामाआधी, सकाळच्या वेळात, पैसा न घेता आपण मुलींना शिकवायचे. शाळेला जागा? ज्यांचे मन वळेल त्यांच्या घराची ओटी किंवा माडी. विद्यार्थिनी? त्या घरोघर जाऊन मिळवायच्या. या फेऱ्यांचे अनुभव दादाभाईंच्या चरित्रात नमूद आहेत. काही घरांनी स्वागत केले. काहींनी जिन्यावरून खाली फेकून देण्याची धमकी दिली. बाविशीचे तरुण परक्यांच्या दारात उभे राहून 'आपली मुलगी आम्हांला शिकवू द्या' म्हणत आहेत, हे दृश्य जरा नजरेपुढे आणा. आजही आपल्या वस्तीत एखाद्या मुलीचे नाव आठवीनंतर कमी होते तेव्हा ज्या शिक्षिका तिच्या घरी जातात, त्यांना हे दृश्य फार दूरचे वाटणार नाही.

ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या. पारशी मुलींसाठी गुजराती, हिंदू मुलींसाठी मराठी. पहिल्या पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. एकूण ६८. आजच्या एका तुकडीइतका पट! पण या ६८ मुलींच्या शाळा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर उघडल्या होत्या. पुढे कामा कुटुंबाने पैशाची मदत केली, जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात मराठी शाळेला जागा दिली. काही वर्षांनी पारशी मुलींच्या शाळा पारशी समाजाच्या स्वतंत्र मंडळाकडे गेल्या. मराठी बाजूची गिरगावातील मुलींची शाळा मात्र सोसायटीच्याच नावाने शंभरावर वर्षे चालत राहिली.

येथवर वाचून आपल्या मनात एक प्रश्न आला असेल. माझ्याही आला होता. ४४ पारशी, २४ हिंदू. मग मुसलमान मुली किती?

त्या पटावर एकही नाही. मंडळाच्या पुढाऱ्यांतही मुसलमान नाव दिसत नाही. याचा दोष मंडळाला देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. मंडळ ज्या वर्गखोल्यांतून निघाले त्या वर्गखोल्यांतच आपली मुले फारशी नव्हती. आणि याचे कारण 'आपल्या लोकांना शिक्षणाची आवड नाही' असे जे सरसकट सांगितले जाते ते मला मान्य नाही. मुंबई इलाख्याचे बोर्ड ऑफ एज्युकेशन १८४० साली स्थापन झाले तेव्हा त्यावर तीन हिंदी सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहीम मकबा. हे मकबा कोकणी मुसलमान. त्यांनी १८२३ सालीच हिंदुस्तानीचे पाठ्यपुस्तक तयार केले होते आणि त्याला एल्फिन्स्टन साहेबांचे नाव दिले होते. म्हणजे शिक्षणखात्याच्या टेबलाशी आपला माणूस बसलेला होता; वर्गातील बाके मात्र रिकामी होती. माझ्या मते अडचण बरीचशी भाषेची होती. सरकारी शाळेत जायचे तर मराठी किंवा गुजरातीतून, धर्मशिक्षण अरबीतून, सुशिक्षितांचे लिहिणे-वाचणे फारसी आणि उर्दूतून, आणि घरात बोलायची ती कोकणी. चार भाषांच्या चौकात उभ्या असलेल्या पोराला कोणत्या रस्त्याने जावे हे सांगणारे घरात कोणी नसेल तर ते पोर बापाच्या गलबतावर किंवा दुकानावर जाणार. आपल्या किनाऱ्यावर ते तसेच गेले.

एल्फिन्स्टनमध्ये जे थोडे मुसलमान विद्यार्थी पुढे आले त्यांत एक मुलगा होता, १८४४ साली जन्मलेला. आधी मदरशात, मग एल्फिन्स्टनमध्ये आणि १८६० साली विलायतेत. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी. १८६७ साली तो बॅरिस्टर होऊन परतला. मुंबईच्या हायकोर्टातील तो पहिला हिंदी बॅरिस्टर. त्यांनी, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन यांनी आणि नाखुदा मुहम्मद अली रोघे आदी मंडळींनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. अंजुमनची पहिली शाळा १८८० साली उघडली. बोरीबंदरसमोरची तिची इमारत १८९३ मध्ये पूर्ण होऊन खुली झाली. आपण चर्चगेटऐवजी कधी त्या बाजूला उतरलात तर घुमटांवरून ती ओळखू येते. १८४९ चे विद्यार्थी घरोघर फिरले तेव्हा जी दारे त्यांच्या वाटेवर नव्हती, ती उघडण्यास आणखी तीस वर्षे लागली. आपल्यासारख्या संस्था या उशिरा उघडलेल्या दारांपैकीच आहेत.

पुण्याच्या बाजूला एक ओळ सापडते, ती येथे नोंदवून ठेवतो. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेच्या कामाच्या संदर्भात फातिमा हे नाव येते. तिच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे, आणि अलीकडे तिच्याविषयी पुष्कळ ठासून लिहिले जाते. मला ते पत्रातील एक नावच पुरेसे वाटते.

मंडळांना जीव लावणारा शिक्षक असला की काय होते याचे आपल्या भाषेतील दुसरे उदाहरण बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. तेथे ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दैनिक! आम्ही भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लावताना कुरकुरत होतो. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. याच गुरुजींनी पुढे पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिले, 'इस्लामी संस्कृती' या नावाने. आपल्या ग्रंथालयात ते नसेल तर या वर्षीच्या खरेदीत धरावे, अशी ग्रंथपालांना विनंती.

आता मुंबईच्या त्या मंडळाकडे परत जाऊ, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या वसई तालुक्यात येतो आणि तो फारसा कोणी दाखवून देत नाही.

एल्फिन्स्टनच्या या वर्तुळातील एक तरुण म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. ते पुढे या सोसायटीचे अध्यक्ष झाले, आणि मुलींच्या शाळांचे मोठे पाठीराखे होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यांना जुने शिलालेख वाचण्याचा नाद होता. सर्व ठिकाणी स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून १८६१ मध्ये त्यांनी जुनागढहून एका तरुणाला मुंबईस आणले. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी. भाऊ दाजींच्या वतीने भगवानलाल देशभर हिंडले, लेण्यांतून, डोंगरांतून लेखांचे ठसे घेत. भाऊ दाजी १८७४ साली वारले. भगवानलालांनी काम सोडले नाही, आणि १८८२ साली ते आपल्या सोपाऱ्याला आले.

सोपारे गावाजवळ विटांचे एक टेकाड होते. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. भगवानलालांनी ते मध्यभागी खणले. आत दगडाची मोठी गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे १३ तुकडे. भोवती काशाच्या ८ बुद्धमूर्ती. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच साली सोपाऱ्याच्या भातेळा तळ्याजवळ त्यांना एका काळ्या दगडाचा तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या लेखातील काही ओळी होत्या. आणि १९५६ साली भुईगावात, म्हणजे होळीहून सायकलने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा गावात, नवव्या लेखाचा तुकडा सापडला. ज्या सोपाऱ्याला अरब प्रवासी मसूदीने दहाव्या शतकात 'सुबारा' म्हणून ठाणे आणि चौलच्या रांगेत बसविले, ते बंदर त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी असे गजबजलेले होते, याचा हा दगडावरचा पुरावा.

प्रारंभी ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख केला, तिने मंडळांच्या मूळपुरुषाविषयी विचारले त्याच सभेत आणखी एक गोष्ट मागितली होती. इतिहास मंडळाची सहल भुईगावला न्यावी. पुस्तकात अशोकाचे शिलालेख आहेत, मग जेथे दगड सापडला ते गाव आपण का पाहू नये, असे तिचे म्हणणे. मी नाही म्हटले. तेथे पाहण्यासारखे आता काही उरलेले नाही, दगड संग्रहालयात गेला, वेळ जाईल, परवानगीचे कागद करावे लागतील, आणि हा भाग परीक्षेला एका गुणाचा आहे, असे मी सांगितले. त्या वर्षीची सहल एका बागेत गेली. वहीत लिहिले : 'सहल आनंदात पार पडली.'

पुष्कळ वर्षांनी त्या दोन लेखांचे मराठी भाषांतर मी सावकाश वाचले. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना जात, शिकार करीत; मी मात्र तशा सहली सोडून वेगळ्या यात्रा सुरू केल्या, ज्यांत गावोगावच्या माणसांना भेटायचे, वृद्धांना मदत करायची, बोलायचे आणि विचारपूस करायची. सोपाऱ्याला सापडला तो नेमका हा लेख. आणि भुईगावचा नववा लेख आहे समारंभांवर. माणसे लग्नात, आजारपणात, मूल झाल्यावर नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे; नोकरांशी नीट वागणे आणि गुरुजनांचा मान राखणे हा अधिक फळ देणारा विधी, असा त्याचा आशय.

त्यानंतर एका रविवारी मी एकटाच भुईगावला जाऊन आलो. दगड अर्थातच तेथे नव्हता. वाडीत पानवेलींना पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले तेव्हा त्यांनी हातातले काम थांबवून बराच वेळ गावाविषयी सांगितले, आणि निघताना विचारले, "मास्तर, पोरांना नाही आणलंत?"